घरातली वडील माणसे पडतात कोठे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाई पंधरा दिवसांपूर्वी आमच्या ओटीवर आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, ह्या वेळी तुम्ही बोलावयाचे." मी म्हटले, "अहो, माझी शाळा सातवीपर्यंतची. मी काय बोलणार?" तर म्हणाल्या, "तुमच्या घरी जे घडले तेच सांगा. आम्हांला तेवढे पुरे." म्हणून आज उभी राहिले आहे. बोलताना चुकेल ते पदरात घ्या.

आमच्या सासूबाई पडल्या हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे, कारण तुमच्यापैकी बहुतेक जणी त्यांना पाहावयास येऊन गेल्या आहेत. पण त्या कशा पडल्या, हे मी आजवर कोणाजवळ नीट बोलले नाही. लाज वाटत होती.

२०२२ सालची गोष्ट. १ ऑगस्टला पहिला श्रावणी सोमवार होता. पहाटे पाऊस नुसता कोसळत होता आणि वीज गेलेली. सासूबाईंना देवळात जावयाचे होते, म्हणून त्या मला न उठवता न्हाणीकडे निघाल्या. माजघरात आधीच्या वर्षी ह्यांनी मोठ्या हौसेने चकचकीत लाद्या बसविल्या होत्या. न्हाणीच्या दाराशी मी जुन्या पातळाचे विणलेले पायपुसणे घातलेले. माझ्या हातचे, सर्वांनी वाखाणलेले. सासूबाईंचा ओला पाय त्यावर पडला, पायपुसणे लादीवरून सरकले आणि त्या उंबरठ्यावर उजव्या अंगावर आपटल्या. मी कंदील, म्हणजे हल्लीची ती बॅटरी, घेऊन धावले तेव्हा त्यांचा उजवा पाय बाहेरच्या बाजूस वळलेला होता आणि डाव्याहून आखूड दिसत होता.

पुढे दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितले की, मांडीचे हाड वर खुब्यात बसते तेथे त्याची मान बारीक असते, आणि म्हातारपणी, विशेषतः बायकांची मासिक पाळी गेल्यानंतर, हाडे ठिसूळ होतात. म्हणून उभ्या उंचीवरून पडल्यानेही ती मान मोडते. शस्त्रक्रिया करून अर्धा सांधा नवा बसविला. माझ्या पाटल्या गेल्या, त्याचे काही नाही.

पण ह्याहून मनाला लागलेली गोष्ट निराळीच. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, "अगो, मी आषाढातही पडले होते. विहिरीच्या कट्ट्याजवळ. कोणाला सांगितले नाही." मी विचारले, "आई, का हो सांगितले नाहीत?" म्हणाल्या, "सांगितले असते तर तुम्ही मला देवळात जाऊ दिले नसते. नाहीतर मुंबईस धाकट्याकडे चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवले असते."

मैत्रिणींनो, ही गोष्ट घरोघरची आहे असे मला वाटते. म्हातारे माणूस पडले की ते आधी इकडेतिकडे बघते, कोणी पाहिले नाही ना म्हणून, आणि मग उठते. त्याला पडण्याची भीती असतेच, पण आपण काय करू ह्याची त्याहून जास्त असते. आणि एकदा पडलेले माणूस पुन्हा पडण्याचा संभव अधिक असतो, म्हणजे ज्याने सांगावयास हवे तेच माणूस लपवून ठेवते. तेव्हा घरात कोणाच्या कोपरावर, गुडघ्यावर काळेनिळे दिसले तर रागावू नका. "कोठे पडलात? मला ती जागा दाखवा" एवढेच म्हणा. जागा कळली की निम्मे काम झाले.

माझी दुसरी चूकही सांगून टाकते. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातल्या व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनी सासूबाईंना चौकटीचा वॉकर धरून उभे केले. मला ते फार निर्दय वाटले. त्या मुलीने समजावले की, पडून राहिले तर छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायांत रक्त गोठते, आणि खुबा मोडलेली पुष्कळ माणसे त्या पडून राहण्यानेच जातात. मी मान डोलावली आणि घरी आल्यावर नेमके उलट केले. पाणी हातात, जेवण खाटेवर, "आई, तुम्ही उठू नका" हे दिवसातून वीस वेळा. सहा महिन्यांत त्यांच्या मांड्या काठीसारख्या झाल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत खाटेवरून नुसत्या उतरताना त्या पुन्हा पडल्या. दैव बरे, हाड मोडले नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "खाटेला बांधून ठेव आता." मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. पडू नये म्हणून मी त्यांचे चालणे काढून घेतले, आणि चालणे गेले म्हणून त्या पडल्या.

तेव्हापासून मी ठरविले की माणसाला बसवावयाचे नाही, वाट सुधारावयाची.

पहिले काम असे केले की, सासूबाई दिवसभरात जेथे जेथे जातात तेथे मी त्यांच्या मागोमाग गेले. खाट, न्हाणी, संडास, देवघर, पडवी, तुळस. त्यांच्यासारखी हळू चालले. एकदा रात्री दिवा न लावता चालून पाहिले, तर मीच दोनदा ठेचकाळले. तुम्हीही घरी करून पाहा. झाडताना, सारवताना आपण घर रोज बघतो, पण म्हाताऱ्या पायाने बघत नाही.

पायपुसणे त्याच दिवशी उचलले. त्याच्या जागी खाली रबराची पकड असलेले आणले. जे पायपुसणे पायाने ढकलले असता सरकते ते दाराशी नको, मग ते गोणपाटाचे असो की आपल्या मंडळाच्या शिवणवर्गातले असो. (शिवणवर्गाच्या बाईंनी रागावू नये. त्यांनी पुढे खाली रबरी जाळी लावून द्यावयास सुरुवात केली आहे.)

न्हाणीत दांडा बसविण्यावरून आमच्याकडे वादावादी झाली. हे म्हणाले, "घर आहे की दवाखाना?" त्यांचे म्हणणे, टॉवेलचा दांडा आहेच की. तो दांडा मी नुसता ओढला तर खिळ्यासकट हातात आला. टॉवेलसाठी असलेला दांडा टॉवेलच पेलतो, माणूस नव्हे. मग मुठीत नीट मावेल असा, दीड इंचाहून जाड नव्हे, स्टीलचा दांडा आणला. जमिनीपासून सुमारे पावणेतीन फुटांवर, उठताना हात जातो तेथे, लावला. आपल्याकडच्या भिंती जुन्या चिऱ्याच्या, मातीत बांधलेल्या. त्यांत नुसते भोक पाडून स्क्रू पिळला तर धरत नाही. गवंड्याने भिंतीतून आरपार बोल्ट घातले आणि पलीकडून लोखंडी पट्टी लावून आवळले. आणि मग मी ह्यांनाच त्या दांड्याला लोंबकळावयास लावले. दांडा हलला नाही, तेव्हा तो पास झाला. आता हे स्वतःच आंघोळीहून उठताना तो धरतात, पण ते मी सभेत सांगावयास नको होते.

न्हाणीत पाटावर बसून आंघोळ करण्याची सासूबाईंची जन्माची सवय. पण जमिनीलगतच्या पाटावरून उठणे नव्या सांध्याला बरे नव्हे, म्हणून प्लॅस्टिकची हात असलेली खुर्ची, पायांना रबरी टोप्या लावून, ठेवली. साबण खाली पडला की तो शोधावयास वाकावे लागते, म्हणून साबण जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधला. दिवाळीत अभ्यंगाचे तेल मात्र मी आता न्हाणीत लावीत नाही, माजघरात खुर्चीवर बसवून लावते आणि तळपाय पुसूनच पुढे नेते.

उंबरठ्याचे काय करावे हा मोठा प्रश्न होता. आमचा उंबरठा सात इंच उंच. तो कापावयाचा म्हटले तर सगळे भाऊबंद अंगावर येतील. म्हणून आत आणि बाहेर, दोन्ही बाजूंना, उंबरठ्याच्या निम्म्या उंचीच्या रुंद लाकडी पायऱ्या पक्क्या ठोकून घेतल्या, चौकटीला धरावयास मूठ लावली, आणि उंबरठ्याच्या कडेवर पिवळ्या रंगाचा पट्टा ओढला. रंग लावताना मी भीतभीतच विचारले, "आई, उंबरठ्याला रंग लावला तर चालेल ना?" त्या म्हणाल्या, "इतकी वर्षे हळद लावली, आता रंग लाव. हळद मला दिसत नव्हती."

त्यावरून डोळ्यांचे ध्यानात आले. त्यांना दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू होता आणि त्यांनी तेही सांगितले नव्हते. शस्त्रक्रिया करून घेतली. चष्मा खाली वाचावयाचा आणि वर दूरचा असा दुहेरी काचेचा असला, तर पायरी उतरताना खालच्या काचेतून पायरी धूसर दिसते. म्हणून चालावयासाठी निराळा, नुसता दूरचा चष्मा करून घेणे बरे.

औषधांचेही असेच आहे. रक्तदाबाची गोळी, झोपेची गोळी घेणाऱ्या माणसाला एकदम उठले की घेरी येते. गोळी आपल्या मनाने बंद करावयाची नाही, डॉक्टरांना सांगावयाचे. पण उठताना आधी खाटेच्या कडेवर पाय खाली सोडून मिनिटभर बसावे, पावले वरखाली हलवावी, मग उभे राहावे. आमच्या सासूबाई तेवढ्या वेळात एकदा रामरक्षेची सुरुवात म्हणतात. खाटही अशी हवी की, कडेला बसले असता दोन्ही पावले जमिनीला टेकतील. आमची खाट उंच होती, तिचे पाय सुताराने तीन इंच कापले.

रात्रीचे चालणे सर्वांत वाईट. आपल्याकडे संडास पुष्कळ ठिकाणी पडवीच्या पलीकडे आणि पावसात वीज हमखास जाणार. वीज गेली तरी जळत राहतो असा एलईडीचा दिवा हल्ली मिळतो, तो माजघरात लावला. उशाशी बॅटरी, तीही दोरीने खाटेला बांधलेली. आणि रात्रीपुरती कमोडची खुर्ची खाटेजवळ. सासूबाईंना तिची फार शरम वाटे. मी एका साध्या पातळाचा पडदा लावून दिला, तेव्हा कोठे वापरू लागल्या.

मागच्या महिन्यात आपल्यापैकी आम्ही तिघी जणी वही घेऊन वाडीतली अकरा घरे पाहून आलो. कोणाचे नाव घेत नाही. एका घरी वायर जाण्यायेण्याच्या वाटेवर आडवी, तीवर सतरंजी. एका घरी आजींचे अंगठा तुटलेले स्लिपर, सुतळीने बांधलेले, तळवा गुळगुळीत. मागून पट्टा असलेली, खाली खाचा असलेली चप्पल घरातही घालावी. वरच्या फळीवरचे डबे काढावयास एक काकू स्टुलावर पाट ठेवून चढतात, वय त्र्याहत्तर. रोज लागणारे डबे खाली कमरेच्या उंचीवर घ्या म्हटले, तर म्हणाल्या, सुनेने तसे लावले आहेत. सून तेथेच उभी होती. पुढचे मी सांगत नाही, पण डबे त्याच दिवशी खाली आले. पायघोळ गाऊन तीन घरी दिसले. नऊवारीत पाय मोकळा राही, गाऊन मात्र पायऱ्या चढताना पायात येतो. खालून चार बोटे कापून शिवून द्या. आणि सणाच्या दिवशी दारात जी रांगोळी घालतो ती चकचकीत लादीवर पडली की पायाखाली सरकते, तेव्हा ती वाटेच्या बाजूला काढावी.

काठी आठ घरी होती, पण मापाची दोघांकडेच. हात सैल सोडून उभे राहावे, मनगटाची घडी जेथे येते तेवढी काठीची मूठ उंच हवी. दुखऱ्या पायाच्या उलट बाजूच्या हातात धरावयाची. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात. खालचे रबर झिजले की बदलावे. संक्रांतीला आपण वाणाला प्लॅस्टिकच्या वाट्या लुटतो, त्या माझ्या घरी अठ्ठावीस झाल्या आहेत. पुढच्या वर्षी वाण म्हणून काठीचे रबर द्यावे, असे मी मंडळाला सुचविते. हसू नका, मी खरेच सुचविते.

व्यायाम शिकविणाऱ्या त्या बाईंनी एक साधी परीक्षा शिकविली. माणसाने खुर्चीतून उठावे, दहा फूट चालावे, वळावे, परत येऊन बसावे. घड्याळ लावावयाचे. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. सासूबाईंना मार्च २०२३ मध्ये एकतीस सेकंद लागले. मग रोज स्वयंपाकघराचा ओटा धरून टाचा वर उचलणे, एका पायावर उभे राहणे, खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठणे, असे सुरू केले. मी पोळ्या लाटते आणि त्या शेजारी टाचा उचलतात. आता सतरा सेकंद लागतात. अजून बारावर आल्या नाहीत, पण तुळशीपर्यंत एकट्या जातात. पाय आणि तोल ह्यांचा असा नित्य व्यायाम केला तर पडणे कमी होते, ही गोष्ट सिद्ध झालेली आहे.

आणि तरीही कोणी पडलेच तर? काखेत हात घालून उचलू नका, मी तेच करावयास गेले होते. आधी विचारा, कोठे दुखते. पाय वाकडा किंवा आखूड दिसला, पायावर भार घेता येईना, तर हलवू नका, चोळू नका, तेल लावू नका. पांघरूण घाला आणि १०८ ला फोन करा. काही मोडलेले नसेल तर माणसाने कुशीवर वळावे, मग कोपरावर, मग हातगुडघ्यांवर यावे आणि खुर्ची धरून उठावे. सासूबाईंनी हे चटईवर दोनदा करून पाहिले आहे.

माझ्या मुलीने मला जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा वाचून दाखविला. जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात. मी तो आकडा ऐकला आणि मला आपली पाखाडीच दिसली.

त्या दिवशी १०८ ची गाडी आली ती पाखाडीच्या खाली थांबली, वर येणार कोठून? वाडीतल्या चार मुलांनी सासूबाईंना स्ट्रेचरवरून भर पावसात खाली नेले. मी मागून छत्री धरून. मधल्या वळणावर पुढच्या मुलाचा पाय शेवाळावरून गेला आणि स्ट्रेचर कलले. सासूबाईंनी जो आवाज केला तो मी अजून विसरले नाही. आपली पाखाडी त्रेचाळीस पायऱ्यांची आहे, मी मोजल्या. जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, चिऱ्यावर शेवाळ येणारच. पण पायऱ्याही सारख्या नाहीत. कोठे पाच इंच, कोठे साडेनऊ. पहिल्या दोन पायऱ्यांवरून पायाला अंदाज येतो आणि तिसरी निराळी निघाली की माणूस पडते. कठडा एकाही बाजूला नाही. वाडीत सत्तरीच्या पुढची चौदा माणसे आहेत आणि देवळाला, दुकानाला, दवाखान्याला जावयास दुसरी वाट नाही.

म्हणून आता कामाचे बोलते. जूनच्या आधीच्या रविवारी सकाळी आठ वाजता पाखाडीच्या खालच्या तोंडाशी जमावयाचे. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून टाकावयाची, थोडा वेळ ठेवून खराट्याने आणि तारेच्या ब्रशाने घासावयाचे. संडासाचे ॲसिड तिच्यात कोणीही मिसळावयाचे नाही, विषारी वाफ निघते. पायात बूट किंवा पट्ट्याची चप्पल, हातांत रबरी मोजे. लहान मुलांना आणू नये. पुन्हा श्रावण लागण्यापूर्वी एकदा घासावे लागेल. वाळल्यावर प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा ओढावयाचा. रंगाचे पैसे मंडळ देणार आहे, ब्रश आपापले. मधल्या वळणावरच्या सहा पायऱ्यांवर गवंडी सिमेंटचा थर देऊन त्या सारख्या करील आणि ओल्या सिमेंटवर दोरीने रेघा मारील, म्हणजे पाय धरेल.

कठड्याचे काम आपल्या आवाक्याचे नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीला द्यावयाचा अर्ज लिहून ठेवला आहे, तो खजिनदारबाईंजवळ आहे. अर्जात लोखंडी पाइपाचा कठडा, उतरताना उजव्या हाताला, वरपासून खालपर्यंत सलग, असे लिहिले आहे. मध्ये तुटलेला चालणार नाही. आतापर्यंत एकोणीस सह्या झाल्या. पहिली सही आमच्या सासूबाईंची. ज्यांची राहिली असेल त्यांनी आज चहा घेऊन जाण्यापूर्वी करावी, आणि घरातल्या आजीआजोबांच्या सहीसाठी कागद घरी हवा असेल तर मला सांगावे, मी आणून देईन.